उन्हाळ्याचा अंदाज वाचायचा कसा? लाट, वळीव आणि गारपीट

मार्च संपता संपता भारतीय हवामान विभाग एप्रिल ते जून या तीन महिन्यांचा अंदाज जाहीर करतो. दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा झळकतो, ‘यंदा उन्हाळा कडक’, आणि सोबत लालभडक नकाशा. मग एप्रिलच्या मध्यावर आभाळ भरून येतं, वादळ सुटतं, गारा पडतात आणि पात कापून शेतात वाळायला ठेवलेला कांदा भिजतो. ‘यांचा अंदाज कधी खरा ठरलाय का?’ हा प्रश्न त्या दिवशी गावोगावच्या पारावर ऐकू येतो.

ज्याचा कांदा भिजला त्याचा राग मी समजू शकतो. पण कडक उन्हाळा आणि वादळी पाऊस एकमेकांविरुद्ध नाहीत. महाराष्ट्रात ते बहुतेक वेळा हातात हात घालूनच येतात. शिवाय तीन महिन्यांचा अंदाज, आठवड्याचा अंदाज आणि पुढच्या तीन तासांचा इशारा ही तीन निरनिराळ्या कामांसाठी केलेली साधनं आहेत. एकाचं काम दुसऱ्याकडून करून घ्यायला गेलं की नुकसान होतं, कधी जीवही जातो.

लाल रंगाचा अर्थ

हंगामी अंदाजातलं मुख्य वाक्य साधारण असं असतं: ‘कमाल तापमान सरासरीपेक्षा जास्त राहण्याची शक्यता’. ही सरासरी कालपरवाची नसते. सध्या १९९१ ते २०२० या तीस वर्षांच्या नोंदींवरून ती काढतात. या तीस वर्षांतले तुमच्या भागातले उन्हाळे तापमानाप्रमाणे ओळीत लावले, तर सर्वांत उष्ण दहा एका बाजूला, सर्वांत सौम्य दहा दुसऱ्या बाजूला आणि उरलेले दहा मध्ये येतील. काहीच माहिती नसेल तर येणारा उन्हाळा यांपैकी कोणत्याही गटात पडण्याची शक्यता सारखीच, म्हणजे सुमारे ३३ टक्के. हवामानशास्त्राला या समान वाटणीपेक्षा जास्त काही सांगता आलं, तरच नकाशावर रंग चढतो. एखाद्या भागात ५५ टक्क्यांचा रंग असेल, तर उन्हाळा उष्ण गटात जाण्याची शक्यता ५५ टक्के आहे. उरलेले ४५ टक्के तो तसा नसण्याचे. आपण मात्र तो रंग पाहून ‘आता भाजणार’ असा निकाल लावून टाकतो.

हे टक्के येतात कुठून? समुद्र हळूहळू तापतो आणि हळूहळूच निवतो. प्रशांत महासागराचं पाणी आज जसं असेल, त्याची छाया पुढचे काही महिने हवेवर राहते. एल निनो म्हणजे त्या महासागराच्या मध्य आणि पूर्व भागाचं पाणी नेहमीपेक्षा गरम होणं. एल निनो भरात येऊन ओसरत असताना येणारे आपल्याकडचे उन्हाळे बऱ्याचदा जास्त तापतात, जसा २०१६ चा. त्या वर्षी लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं, आणि मे महिन्यात राजस्थानातल्या फलोदीत ५१ अंशांची नोंद झाली. समुद्राचं, जमिनीचं आणि हवेचं आजचं चित्र संगणकातल्या प्रतिमानाला, म्हणजे हवामानाच्या गणिती नमुन्याला देऊन पुढचे महिने चालवून बघतात. सुरुवातीच्या स्थितीत किंचित फरक करून हे पुन्हा पुन्हा करतात. अनेक प्रतिमानांचे असे निकाल एकत्र केले की किती वेळा उन्हाळा उष्ण निघाला हे कळतं. टक्केवारी येते ती यातून. हंगामी अंदाजाचं बरंचसं काम हवामान विभागाच्या पुण्यातल्या कार्यालयात चालतं.

२०२५ चं उदाहरण बघू. त्या वर्षी मार्चअखेर अंदाज आला की एप्रिल ते जूनमध्ये देशाच्या बहुतेक भागांत कमाल तापमान सरासरीपेक्षा जास्त राहील. एप्रिलमध्ये विदर्भात पारा ४५ अंशांच्या वर गेलाही. पण मे महिना आला तो पाऊस घेऊनच. देशभराच्या सरासरीत १९०१ पासूनच्या नोंदींमधला तो सर्वांत ओला मे ठरला. मोसमी वारे २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत पोहोचले. मुंबईची नेहमीची तारीख ११ जून आहे, म्हणजे पाऊस दोन आठवडे आधीच दारात. शेतातला आणि साठवणुकीच्या चाळीत जायच्या वाटेवरचा कांदा सडला, मशागती खोळंबल्या. मार्चमध्ये बघितलेला लाल नकाशा मनात धरून मे महिन्याचे बेत आखणाऱ्यांची फार वाताहत झाली. तीन महिन्यांच्या अंदाजात कोणता आठवडा भिजेल हे नसतंच. ते असतं दर गुरुवारी निघणाऱ्या पुढच्या काही आठवड्यांच्या अंदाजात आणि रोजच्या रोज निघणाऱ्या पाच-सात दिवसांच्या अंदाजात. तेव्हा मार्चचा नकाशा पाहून टँकरचं नियोजन करावं, चारा छावणीचा विचार करावा, विजेची वाढणारी मागणी मोजावी, विहिरीच्या पाण्यावर उन्हाळी भुईमूग घ्यावा की नाही ते ठरवावं. कांदा कोणत्या दिवशी काढायचा हे त्यावरून ठरवू नये.

४४ अंश आणि तरी लाट नाही

उष्णतेची लाट जाहीर करायचे नियम ठरलेले आहेत. ते माहीत असले की बातमी निराळी दिसायला लागते. सपाट भागात कमाल तापमान निदान ४० अंश हवं, किनाऱ्यावर ३७, डोंगराळ भागात ३०. त्यावर ते सरासरीपेक्षा निदान साडेचार अंशांनी जास्त हवं. ६.४ अंशांपेक्षाही वर गेलं तर तीव्र लाट. सपाट भागात आणखी एक नियम आहे: सरासरी काहीही असो, पारा ४५ ला गेला की लाट आणि ४७ ला गेला की तीव्र लाट. हे एका हवामान उपविभागातल्या निदान दोन केंद्रांवर, सलग दोन दिवस घडावं लागतं. आपल्याकडे असे चार उपविभाग आहेत: कोकण-गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ.

आता चंद्रपूर घ्या. मे महिन्यात तिथे ४२-४३ अंश हे नेहमीचंच. एखाद्या दिवशी ४४ झालं तर नियमाने ती लाट नव्हे, कारण सरासरीपासूनचा फरक जेमतेम एक-दोन अंशांचा. पण वीटभट्टीवर किंवा रस्त्याच्या डांबरीकरणावर राबणाऱ्या माणसाचं शरीर सरासरी विचारत नाही. ‘लाटेचा इशारा नाही’ याचा अर्थ ‘आज धोका नाही’ असा घेणं विदर्भात तरी अंगाशी येऊ शकतं. त्यातही पेपरात छापलं जाणारं तापमान सावलीतलं असतं. पांढऱ्या रंगाच्या, झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर, वारा खेळेल पण ऊन लागणार नाही अशा बेताने तापमापक ठेवतात. उघड्या रानात, तापलेल्या मातीवर, डोक्यावर ऊन घेऊन उभ्या असलेल्या माणसाच्या वाट्याला येतं ते त्या आकड्यापेक्षा कितीतरी जास्त.

विदर्भच एवढा का तापतो? एक तर समुद्र दूर. मार्चपर्यंत जमिनीतली ओल आटलेली असते, त्यामुळे उन्हाची ऊर्जा पाण्याची वाफ करण्यात खर्च न होता थेट माती आणि हवा तापवते. वायव्येकडून, राजस्थान आणि मध्य प्रदेश ओलांडून कोरडे वारे येतात. सूर्य तर डोक्यावर असतोच. नागपूरच्या अक्षांशावर तो मेच्या शेवटच्या आठवड्यात माध्यान्ही अगदी माथ्यावर येतो. सूर्य रोहिणी नक्षत्रात गेल्यावरचे नऊ दिवस विदर्भातली माणसं ‘नवतपा’ म्हणून ओळखतात, ते याच सुमाराचे. नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंशांची नोंद झाली, तीही याच सुमाराची.

याच्या जोडीला वरच्या थरांत कधी कधी जास्त दाबाचं क्षेत्र ठाण मांडून बसतं. त्यात हवा वरून खाली उतरते. खाली येताना ती दाबली जाते आणि दाबली गेली की तापते, सायकलच्या पंपाची नळी हवा भरताना गरम होते तशी. कोरडी हवा शंभर मीटर खाली आली की साधारण एका अंशाने गरम होते. अशी हवा ढग वाढू देत नाही. आभाळ निरभ्र, ऊन दिवसभर, आणि हे चार-सहा दिवस हललंच नाही की लाट येते. दाबाची ही क्षेत्रं काही दिवस आधी प्रतिमानांत स्पष्ट दिसतात, म्हणून लाटेचा चार-पाच दिवस आधीचा इशारा बऱ्यापैकी भरवशाचा असतो. तो आला की कामाच्या वेळा बदलायलाच हव्यात.

कोकणाचं गणित उलटं आहे. दुपारी समुद्रावरून वारा आला की तापमान आवरतं. मुंबईत तो वारा उशिरा आला, पूर्वेचे कोरडे वारे जोर धरून राहिले, तर पारा एकदम चढतो. असं जास्त करून मार्च-एप्रिलमध्ये होतं, म्हणून मुंबईचे सर्वांत तापलेले दिवस मेमध्ये न येता आधीच येऊन जातात. पण किनाऱ्यावर आकड्यापेक्षा दमटपणा घातक. घाम वाळतो तेव्हाच अंग थंड होतं. हवेत आधीच बाष्प भरलेलं असेल तर घाम नुसता ओघळत राहतो आणि शरीर आतून तापत जातं. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या उघड्या मैदानात भर दुपारी झालेल्या जाहीर कार्यक्रमानंतर उष्माघाताने १४ माणसं गेली. त्या दिवशी पारा ३८ अंशांच्या आसपास होता. विदर्भाच्या माणसाला हा आकडा काहीच वाटणार नाही. ठाणे, मुंबई, रायगडला ‘उष्ण व दमट हवामान’ असा पिवळा इशारा येतो तो यासाठी. त्याकडे ‘पिवळाच तर आहे’ म्हणून बघू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

रात्रीचं तापमानही बघत चला. दिवसभर तापलेलं शरीर रात्री निवतं. किमान तापमान उतरलंच नाही, तर पत्र्याच्या खोलीत झोपणाऱ्याला ती उसंत मिळत नाही आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी वय झालेली माणसं कोसळतात. अंदाजात ‘उष्ण रात्र’ असा उल्लेख आला, तर तो दुपारच्या आकड्याइतकाच गंभीर समजा.

वादळ कशावर पोसलं जातं

वळवाच्या पावसाला तीन गोष्टी लागतात: खाली तापलेली हवा, पुरेसं बाष्प आणि ती हवा वर ढकलणारं काहीतरी. तापलेली हवा उन्हाळ्यात हवी तेवढी असते. बाष्प येतं बंगालच्या उपसागरावरून किंवा अरबी समुद्रावरून. वर ढकलायचं काम बऱ्याचदा एक पट्टा करतो, जो विदर्भ-मराठवाड्यापासून कर्नाटकातून थेट केरळ-तमिळनाडूपर्यंत उभा पसरतो. त्याच्या दोन बाजूंचे वारे निरनिराळ्या दिशांचे असतात, एकीकडून कोरडे आणि एकीकडून दमट. बातम्यांत ‘वाऱ्याची खंडितता’ किंवा ‘कमी दाबाचा पट्टा’ असं येतं ते याच्याबद्दल. हा पट्टा थोडा पूर्वेला किंवा पश्चिमेला सरकला की वादळांचे जिल्हे बदलतात.

अशा दिवशी रानात उभं राहून बघण्यासारखं असतं. सकाळ लख्ख, पण अंगाला चिकचिक. बाराच्या पुढे क्षितिजावर पांढरे ढग उभे वाढायला लागतात. तीन-चारच्या सुमारास एखाद्याचा माथा वर जाऊन चपटा पसरतो, बूड काळंनिळं होतं. मग वारा पडतो, पान हलत नाही. आणि एकाएकी थंड झोत येतो, मातीचा वास घेऊन, धुरळा उडवत. ही ढगातून खाली कोसळलेली हवा असते. पडणाऱ्या थेंबांतलं काही पाणी वाटेतच वाळतं, त्याने हवा गार होते, जड होते आणि जमिनीवर आदळून चारी बाजूंना धावते. पाऊस यायच्या आधी हीच हवा पत्रे उडवते, केळी आडव्या करते. १३ मे २०२४ रोजी मुंबईत घाटकोपरला पेट्रोल पंपावर अजस्र होर्डिंग कोसळून १७ जणांचा बळी गेला, तो अशाच धुळीच्या वादळात. होर्डिंग तिथे उभं होतं हा माणसांचा दोष. पण दुपारच्या वादळाचा वारा पावसाच्या आधी येतो हे ठाऊक असणाऱ्याने आभाळ काळवंडल्यावर होर्डिंगखाली, झाडाखाली, पत्र्याच्या शेडखाली आसरा घेऊ नये.

गारा पडायला आणखी एक गोष्ट लागते: वरची हवा फार थंड हवी. फेब्रुवारी-मार्चमध्ये भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी विक्षोभ (वरच्या थरांतल्या वादळी हवेच्या प्रणाली) कधी कधी इतके दक्षिणेला उतरतात की आपल्या डोक्यावर गार हवेचा थर येतो. खाली तापलेलं, वर गोठलेलं, आणि मधून जोराने चढणारी हवा. थेंब वर जाऊन गोठतो, त्याच्यावर पाणी चढत जातं, तो वाढतो आणि शेवटी ढगाला पेलवेनासा झाला की खाली येतो. २०१४ मध्ये फेब्रुवारीअखेर ते मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रात हेच दिवसामागून दिवस चाललं होतं. गहू, हरभरा, द्राक्षं, डाळिंब, काहीच वाचलं नाही. मेमध्ये खालच्या हवेतच इतकी ऊब असते की बऱ्याचशा गारा वाटेतच वितळतात.

‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे तुमचं गावही

वादळाच्या अंदाजात ‘तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस, ताशी ४० ते ५० किलोमीटर वेगाने वारा’ असं लिहिलेलं असतं. वाचणारा ‘तुरळक’ म्हणजे थोडा पाऊस असं समजतो. हवामान विभागाच्या भाषेत हे शब्द पावसाच्या जोराबद्दल नसून पसाऱ्याबद्दल असतात. तुरळक ठिकाणी म्हणजे त्या भागातल्या जास्तीत जास्त २५ टक्के केंद्रांवर. काही ठिकाणी म्हणजे ५० टक्क्यांपर्यंत, बऱ्याच ठिकाणी म्हणजे ७५ टक्क्यांपर्यंत, आणि त्याच्या वर बहुतांश ठिकाणी. ज्या एका शिवारावर तो ‘तुरळक’ ढग फुटतो, तिथे अर्ध्या तासात होत्याचं नव्हतं होतं आणि पलीकडच्या गावात रस्ताही ओला नसतो. एका वादळी ढगाचा पसारा काही किलोमीटरचा आणि आयुष्य जेमतेम तासाभराचं. तो नेमका कुठल्या गावावर उभा राहणार हे आदल्या दिवशी सांगणं आजच्या शास्त्राला जमत नाही. जिल्हा सांगता येतो, दुपार सांगता येते. गाव कळतं ते ढग रडारवर दिसायला लागल्यावर, म्हणून हवामान विभाग पुढच्या तीन तासांचे इशारे वेगळे काढतो.

तासगावकडे बेदाण्याच्या शेडवर किंवा वसमतला हळद वाळत घातलेल्या खळ्यावर काम करणाऱ्यांना हे कोणी शिकवायला नको. जिल्ह्याला पिवळा इशारा असला तरी ताडपत्री हाताशी हवी, हे ते जाणतात. रंगांचा क्रम लक्षात ठेवायला सोपा आहे. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता हालचाल करा. शेतीसाठी दर मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी हवामान सल्ला निघतो, त्यात राहुरी, परभणी, अकोला आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठांचा सहभाग असतो. काढणी, फवारणी, पाण्याच्या पाळ्या यांबद्दलचं त्यातलं मार्गदर्शन फोनमधल्या कोणत्याही परदेशी अ‍ॅपच्या छत्रीच्या चित्रापेक्षा कितीतरी उपयोगाचं असतं. दुर्दैवाने तो फारच थोड्या शेतकऱ्यांपर्यंत पोहोचतो. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर तो का लागू नये, हे मला कळलेलं नाही.

राहिली वीज. देशात दरवर्षी दोन हजारांहून जास्त माणसं वीज पडून मरतात, आणि त्यात मोठा वाटा रानात काम करणाऱ्यांचा असतो. पाऊस सुरू झाला की माणूस झाडाकडे धावतो आणि नेमकं ते झाडच वीज ओढून घेतं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेने बनवलेलं ‘दामिनी’ हे अ‍ॅप तुमच्यापासून २० आणि ४० किलोमीटरच्या आत कुठे वीज पडते आहे ते दाखवतं. फोन नसेल किंवा रेंज नसेल तर कान आहेत. लखलखाट दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा आणि तीनने भागा, तितके किलोमीटर वीज दूर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर पक्क्या घरात किंवा काचा बंद केलेल्या गाडीत जा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच थांबा. उघड्या रानात सापडलात तर बैलगाडी, तारेचं कुंपण आणि विजेच्या मोटारीपासून लांब व्हा. एकत्र घोळका करू नका. पाय जवळ घेऊन उकिडवे बसा, आडवे पडू नका. आणि वीज लागलेल्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही. त्याला लगेच हात लावता येतो. श्वास थांबला असेल तर छाती दाबायला सुरुवात करा आणि दुसऱ्या कोणाला तरी १०८ ला फोन करायला सांगा.